पाठीवरचा सात

१

देवजी पंच ओहोळात पालथा पडलेला सापडला. पाणी गुडघाभरसुद्धा नव्हतं, पण कपाळ दगडावर आपटलेलं होतं आणि जीव गेलेला होता. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचा हुतूतूचा सामना व्हायचा होता. त्याला शिटी फुंकायला देवजी मुरबाडहून आदल्या दिवशीच येऊन राहिला होता. सामना राहिला बाजूला, आणि आटगावजवळच्या त्या वाडीत पोलिसांच्या खेपा सुरू झाल्या.

ही गोष्ट एकोणचाळीस सालच्या हिवाळ्यातली. मी शहापूरचा वकील. माझी वकिली बांध आणि म्हशी यांच्यावर चालते. खुनाच्या वाटेला मी जात नाही, आणि रविवारी सकाळी तर कोणाच्याच वाटेला जात नाही. पण त्या रविवारी धोंडूबाई माझ्या ओटीवर येऊन बसली आणि उठेचना. शनिवारी पोलिसांनी तिचा थोरला मुलगा कुंडलिक याला उचललं होतं.

"माझ्या पोराला सोडवा वकीलसाहेब. त्यानं नाय केलं."

"बाई, त्याचा आकडा दिसलाय. सात नंबरचा गंजीफ्रॉक घातलेला माणूस ओहोळावरून पळताना पाहिलाय पाड्यावरच्या पारूनं. आणि तोच गंजीफ्रॉक तुमच्या गवताच्या उडवीत सापडलाय."

"आकडा दिसला, तोंड दिसलं का?"

मला तिचा राग आला, कारण प्रश्न बरोबर होता. तिच्या उजव्या हाताच्या बोटांना तेलकट चिंध्या बांधलेल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाली, "आकडे काढताना बिबा उतला. त्याचं काय एवढं?"

गेल्या वर्षीची भानगड सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. आमच्या गड्यांच्या पाठीवर चंदर पेंटरनं वेलबुट्टीचे आकडे काढले होते. प्रत्येक आकड्याला शेपूट, शेपटाला पान, पानाला कळी. शेवटच्या डावात मेला दोन नंबरचा गडी आणि देवजीनं बाहेर काढलं सात नंबरच्या कुंडलिकला. तिथेच सामना गेला. जाब विचारला तर देवजी म्हणाला, "तुमचे आकडे वाचता येत नाहीत, मी काय करू?" त्यावर कुंडलिक सगळ्यांदेखत गरजला होता, "पुढल्या वर्षी आकडा दिसला नाय, तर तुझं काय करायचं ते मी बघतो."

म्हणून यंदा धोंडूबाईनं स्वतः जाड, ठसठशीत, काळे आकडे काढले होते. कुठलीही नक्षी नाही. मैदानाच्या त्या टोकावरून वाचता यावेत असे. आणि आता त्याच ठसठशीतपणानं तिचा मुलगा फासाच्या दोरीपाशी नेला होता.

"दोन पोरं हायत मला," ती म्हणाली. "एक मुंबईला गिरणीत, एक इथं. इथला गेला तर मी कोनाकडं बघू?"

मी कोट चढवला.

२

कोठडीत कुंडलिक नुसत्या पंच्यावर बसला होता. त्याचे बाकीचे कपडे पोलिसांनी तपासाला ठेवून घेतले होते. मला पाहून तो उठला, गजाला धरून उभा राहिला. त्याच्या बोटांवर पाणी भरलेले फोड होते. झोडणीचे दिवस आहेत, पेंढा लागला असेल, असं मी मनात म्हटलं आणि सोडून दिलं.

"तुझ्या आईनं पाठवलंय. शुक्रवारी दिवस मावळताना तू कुठे होतास ते सांग."

"ओहोळावर. मीच ढकलला त्याला."

माझ्या आजवरच्या पक्षकारांनी बांध सरकवून, म्हैस पळवूनही कधी काही कबूल केलेलं नव्हतं.

"कुठून आलास, कसा ढकललास?"

"ढकलला. पडला. मेला. आणखी काय पायजे?"

"अरे, उद्या ठाण्याला न्यायाधीशासमोर हेच म्हणालास तर लटकशील!"

"मग म्हनेन." मग वेगळ्याच, हलक्या आवाजात तो म्हणाला, "आमचा वाळू हाय का अजून घरी? त्याला म्हना, मुंबईला जा. रजा संपंल. त्याची बायको बाळंत व्हायची हाय, त्यानं इथं ऱ्हाऊ नये."

"बायको बाळंत व्हायची तर त्यानं राहायला नको?"

यावर त्यानं माझ्याकडे सरळ पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. चांगली रुंद, शेतात कमावलेली पाठ. तिच्यावर साधं घामोळंही नव्हतं. मी त्या पाठीशी बराच वेळ वाद घातला आणि हरलो.

बाहेर फौजदार चहा पीत होते. "कबुली दिलीय ना? मग तुम्ही कशाला उन्हात हिंडता? दुपारी त्याला जागा दाखवायला वाडीवर नेतो, तिथून आटगावला, संध्याकाळच्या गाडीनं ठाण्याला. संपलं."

शेजारी शिपाई आपला हात कराकरा खाजवत होता. गंजीफ्रॉक गुंडाळून त्यानंच आणला होता. मला त्या खाजवण्याचा उगाच वैताग आला. संध्याकाळची गाडी म्हणजे माझ्या हातात दुपार तेवढी होती.

३

पारू ओहोळापलीकडच्या पाड्यावर राहायची. जंगलातून मोळ्या आणि बिबे आणून विकायची. धोंडूबाईला बिबे तिनंच दिले होते.

"काय पाहिलंस ते सांग."

"मानूस पलाला. उघडे हात, पांढरा गंजीपराक. पाठीवं काला आकडा."

"तुला वाचता येतं?"

"नाय येत. पन दिसला तो दिसला." तिनं काडी घेतली आणि धुळीत आकडा काढला. वरून खाली आलेली रेघ, वळण, परत वर. देवनागरी सात, शाळेतल्या फळ्यावर असतो तसा. मग तिनं काडी टाकली आणि आकडा संपतो तिथे अंगठ्यानं एक टपोरा ठिपका दाबला.

"हा ठिपका कशाला?"

"व्हता तिथं. दिसला."

मला हे चांगलं वाटलं आणि वाईटही. अशी साक्षीदार कोणताही वकील फोडू शकत नाही.

तिथून मी धोंडूबाईच्या घरी गेलो. अंगणात बांबूवर आठ गंजीफ्रॉक वाळत होते. सामना होवो न होवो, कपडे उन्हात होतेच. प्रत्येक आकडा जिथे संपत होता तिथे तोच ठिपका होता. एकावरही, दोनावरही.

"मी काडी उचलते तिथं बिब्याचं तेल साचतं," ती म्हणाली. "मला लिवता येत नाय, मास्तरांनी खडूनं काढून दिलं त्यावरून गिरवलं. ठिपका माझा."

"आणि सात कुठे होता?"

"तिकडं, गोठ्यावर येकटाच. हे आठही मागल्या आठवड्याला काढले, वर चुना लावला, राखेच्या पान्यात दोनदा काढले, ऊन खाल्लं त्यांनी. सातपन तवाच काढला व्हता. पर शुकरवारी दुपारी कुंडलिक बोलला, आये, माझा पातळ झालाय, जाड कर, पंचाला लांबून दिसला पायजे. म्हनून मी परत गिरवला. वाळला नव्हता पुरता, धुतलाबी नव्हता."

"म्हणजे तो कोणीही उचलून नेऊ शकला असता?"

"नेला असंल. कोनीबी."

धाकटा वाळू ओसरीत बसला होता. शुक्रवारी दुपारच्या गाडीनं आटगावला उतरून आलेला. नऊही गंजीफ्रॉक त्यानंच दिवाळीला मुंबईहून भावाच्या संघासाठी आणले होते. भर उन्हात त्यानं जाड कोट गळ्यापर्यंत लावला होता आणि भिंत मागे असून तिला टेकला नव्हता. त्याची बायको देवकी, दिवस भरलेली, शेजारी खोबरं किसत होती.

"ताप हाय त्यांना," ती म्हणाली. "पित्त उठलंय. खोबरं लावते म्हनलं तर पाठ बघू देत नायत, सोताच लावतात."

मी वाळूला भावाचा निरोप सांगितला. तो ऐकून त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचे डोळे भरून आले. भाऊ कोठडीत आहे, येणारच, असं मला वाटलं.

४

आता संशय घ्यायला राहिले दोघे. कुंडलिकच्या गळ्यात हे लोढणं अडकवून कोणाला आनंद झाला असता?

पहिला चंदर पेंटर. नक्षीच्या आकड्यांवरून त्याचं तालुकाभर हसं झालं होतं, आणि त्याला कारण देवजी आणि कुंडलिक दोघंही. एका दगडात दोन पक्षी. तो मंदिराच्या कमानीवर उघड्या अंगानं पाटी रंगवत होता. उतरायला तयार नव्हता, मला त्याच्या हाडकुळ्या पाठीशीच बोलावं लागलं.

"तू सात नंबर काढू शकतोस?"

"मी देवाचं नाव काढतोय, दिसत नाही?" तो वळला नाही. "त्या बाईसारखा? परीट कपड्यांवर घालतो तसल्या खुणा त्या! बिब्याचं तेल आणि वर चुना. त्याला कला म्हणतात?"

"पण दिसतात लांबून."

"दिसतात. डांबरही दिसतं." ब्रश थांबला. "वकीलसाहेब, माझा रंग कापडाच्या वर बसतो. दोन धुण्यात तडकतो, मान्य. बिबा तसा नाही, तो कापडातून आरपार उतरतो. या बाजूला काढा, त्या बाजूला दिसतो. ती अक्कल माझ्या रंगाला नाही. पण मी शुक्रवारी संध्याकाळी याच फळीवर होतो, पुजाऱ्याला विचारा. अंधार पडेपर्यंत मला खाली उतरू देत नाही तो."

पुजारी म्हणाला, खरं आहे.

दुसरा जयराम, मुरबाडच्या संघाचा नायक. यंदा देवजी त्याच्या बाजूनं शिटी फुंकणार नाही, अशी वदंता होती. तो आपल्या गड्यांबरोबर विहिरीवर अंघोळ करत होता आणि मला पाहताच त्यानं पाठ फिरवून पाणी ओतायला सुरुवात केली. गोरीपान, चकचकीत पाठ.

"देवजी आमचा माणूस होता," तो पाठमोराच म्हणाला. "गेल्या वर्षी त्यानं आम्हांला सामना दिला. त्याला मारून मला काय मिळणार?"

"दिला म्हणजे?"

त्यानं घागर डोक्यावर उपडी केली.

त्या दिवशी मी जिथे गेलो तिथे लोकांनी मला पाठच दाखवली. मी हात हलवत परत निघालो. संताप येत होता, कुंडलिकचा, फौजदाराचा आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या बांध-म्हशीच्या वकिलीचा. ओहोळाच्या उतारावर पोलिसांचा छकडा दिसला. कुंडलिकला जागा दाखवायला आणलं होतं.

शिपाई छकड्यातून उतरला. त्याचा हात कोपरापर्यंत सुजून लाल झाला होता आणि त्यावर फोड आले होते.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"कोण जाणे साहेब. त्या गंजीफ्रॉकला हात लावला तेव्हापासून आग होतेय."

मी तिथेच थांबलो.

५

"फौजदारसाहेब," मी म्हणालो, "याला सोडा. यानं तो गंजीफ्रॉक घातलेलाच नाही."

फौजदार हसले. "तो स्वतः म्हणतोय की."

"तोंडानं म्हणतोय. पाठीनं म्हणत नाही. त्या गंजीफ्रॉकवरचा आकडा रंगाचा नाही, बिब्याचा आहे. शुक्रवारी दुपारी परत गिरवलेला, ओला, न धुतलेला. बिबा कातडीला लागला की उततो, हे तुमच्या घरच्या परटालाही ठाऊक आहे. तुमच्या शिपायानं कपडा नुसता गुंडाळून आणला तर त्याचा हात बघा. ज्यानं तो उघड्या अंगावर घातला, त्यात पळाला, घामाघूम झाला, त्याची पाठ कशी झाली असेल?"

कुंडलिक छकड्याच्या चाकाला धरून उभा होता. फौजदारांनी त्याची पाठ पाहिली. मग हुशारीनं म्हणाले, "बिबा सगळ्यांना उतत नाही. याला उतत नसेल."

"याची बोटं बघा."

त्यांनी बोटं पाहिली. फोड फुटून त्यातून पाणी येत होतं.

"याला उततो," मी म्हणालो. "म्हणजे यानं तो कपडा हातात धरला, अंगात घातला नाही. कोणाच्या तरी अंगातून काढला आणि उडवीत लपवला. तो कोण, हे याला माहीत आहे, आणि त्याच्यासाठी हा फासावर जायला निघालाय."

"गप बसा वकीलसाहेब!" कुंडलिक ओरडला. इतका वेळ त्यानं स्वतःच्या जिवासाठी आवाज चढवला नव्हता. "तुमाला कोनी सांगितलं व्हतं? मी केलं बोलतोय ना! पाया पडतो, गप बसा!"

फौजदार आता हसत नव्हते. "बुद्धी चालवलीत, ठीक. पण कोर्टात मला बुद्धी नको. पाठ आणा. जिच्यावर आकडा आहे अशी पाठ. गाडीच्या वेळेपर्यंत."

पाठ आणा! चंदरची पाठ मी पाहिली होती, जयरामचीही. तिसरी एक होती, जी भर उन्हात कोटात होती, भिंतीला टेकत नव्हती आणि बायकोलाही दिसत नव्हती. कुंडलिक माझ्या तोंडाकडे पाहत होता. मला कळलं आहे हे त्याला कळलं. त्यानं माझ्यापुढे हात जोडले.

मला देवाशपथ परत फिरावंसं वाटलं. माझ्या ओटीवर जी बाई बसून राहिली होती, तिच्या एका मुलाला सोडवण्याचा मार्ग मला सापडला होता, आणि तो तिच्याच दारातून जात होता.

६

"वाळू, कोट काढ."

त्यानं नकार दिला नाही. दोन दिवस वाट पाहत असल्यासारखा तो उठला. त्यानं बटणं काढली. देवकीच्या हातातला खोबऱ्याचा तुकडा खाली पडला. कोटाखाली सदरा होता, तो पाठीला चिकटला होता. सोडवताना तो कळवळला. आवाज ऐकून धोंडूबाई आतून आली.

पाठभर मोठा सात होता. लाल, फोडांनी भरलेला, कडा सुजलेल्या, पण कसा ठसठशीत! मैदानाच्या त्या टोकावरून वाचता आला असता. वरून खाली रेघ, वळण, परत वर. आणि आकडा संपत होता तिथे एक टपोरा ठिपका.

धोंडूबाईला वाचता येत नव्हतं. ती जवळ गेली, चिंध्या बांधलेलं बोट तिनं पाठीपासून जरा लांब धरलं आणि हवेतच त्या रेघेवरून फिरवलं, जशी तिनं काडी फिरवली होती तसं. ठिपक्यापाशी बोट थांबलं.

"ह्यो माझा हाय," ती म्हणाली.

वाळू बोलला तो भिंतीकडे पाहून. "मी आलो तवा दादा घरी नव्हता. आकडे बघून मला लई आनंद झाला. म्हनलं, देवजीकाकाला आत्ताच दाखवतो, मंग उद्या त्याला बोलाया जागा नको. गोठ्यावरचा घातला नि ओहोळावर गेलो. काका पाय धूत व्हता. मी लांब जाऊन पाठ केली नि बोललो, वाचा काका, कितवा? तो बोलला, सात. मी बोललो, मंग उद्या चुकायचं नाय. तर तो हसला. बोलला, पोरा, गेल्या वर्षीबी मला वाचता आलाच व्हता."

बाहेर कोंबड्या अंगणात खुडबुडत होत्या.

"दादानं वरीसभर खाल्लं नाय नीट. माझाच आकडा वाईट, बोलायचा. आयेनं बोटं जाळून घेतली. नि हा हसतोय. मी ढकलला. मारायचा नव्हता मला, आये. दगड व्हता तिथं. घरी पळालो, तर दादानं माझ्या अंगातून गंजीपराक वरबाडून काढला नि बोलला, तू काय बोलू नको, तुझं घर भरायचंय, माझ्यामागं कोन हाय. नि मी नाय बोललो." त्यानं तोंड झाकून घेतलं. "दोन दिस नाय बोललो."

मी धोंडूबाईकडे पाहिलं. एक शब्द ती बोलली असती, तर मी तसाच शहापूरला चालू लागलो असतो, खरं सांगतो. कायदा गेला खड्ड्यात. मागच्या दारानं रान लागत होतं आणि रानापलीकडे सिद्धगडाचे डोंगर होते.

वाळूच्याही ते मनात आलं असावं. त्यानं एकदा मागच्या दाराकडे पाहिलं. मग खाली पडलेला सदरा उचलला आणि हात घालू लागला.

धोंडूबाईनं तो त्याच्या हातून काढून घेतला.

"सदरा नको घालू," ती म्हणाली. "फौजदाराला लांबून दिसू दे."

मग मात्र ती रडली. सदरा तोंडात कोंबून, ओसरीत बसून रडली, आणि देवकीला जवळ ओढून घेतलं.

वाळू पुढे आणि मी मागे, असे आम्ही उतारानं निघालो. तो आकडा सारखा माझ्या डोळ्यांपुढे हलत होता. छकड्यापासून अजून बरेच लांब असताना वाळू थांबला, पोलिसांकडे पाठ करून उभा राहिला आणि हात खाली सोडून दिले.

फौजदारांना आणखी जवळ यावं लागलं नाही. कुंडलिकनंही तो तिथूनच वाचला, आणि छकड्याच्या चाकावर कपाळ आपटू लागला.